खांद्यांचं माप

वजनमापे कार्यालयातले निरीक्षक त्या मंगळवारी सायकलवरून अगदी वेळेवर कचेरीत पोचले. पण त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काही पोचलं नाही. बोटं जागेवर होती, दिसत होती, पण गाढ झोपली होती. कचेरीत येऊन झोपण्याचा प्रकार त्या इमारतीत नवा नव्हता, त्यामुळे निरीक्षकांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यांनी पुढ्यातलं पाच किलोचं वजन तपासलं, डाव्या हातात शिक्क्याची छिन्नी धरली, उजव्या हाताने हातोडी उचलली आणि घातली. छिन्नी ऐन वेळी सुटली. वजनावर उमटायचा शिक्का निरीक्षकांच्या अंगठ्यावर उमटला. वर्ष, तिमाही आणि निरीक्षकाचा क्रमांक, सगळं चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं स्वच्छ. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर त्यांचा अंगठा आता पुढची दोन वर्षं व्यवहारात वापरायला योग्य ठरला होता.

"साहेब, लागलं का हो?" वजनाचा मालक म्हणाला. तो धान्याचा व्यापारी होता आणि त्याच्या आवाजात काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं.

"नाही," निरीक्षक म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत व्यापाऱ्यासमोर काही लागल्याचं त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. ते शांतपणे उठले, मागच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि मग काय करायचं ते केलं.

हाडांच्या डॉक्टरांनी कोपरावर दोन टिचक्या मारल्या आणि विचारलं, "सायकल चालवता?"

"हो."

"शीर दबतेय. सोडा सायकल."

"ते सोडून दुसरं काही?"

आता अडचण नेमकी इथेच होती. घर ते कचेरी नऊ किलोमीटर, त्यातले सहा कालव्याच्या काठाने. त्या सहा किलोमीटरांत निरीक्षकांना कोणी 'साहेब' म्हणत नसे, कोणी 'अहो' म्हणत नसे, इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं पुढे काय झालं असं कोणी विचारत नसे. सायकल होती शर्यतीची, बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याने त्यांच्या गळ्यात मारलेली. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं. समोरून वारा आला की निरीक्षक ती खालची वळणं धरून वाकत. वाकलं की वारा डोक्यावरून जाई आणि आपलं तोंड कोणाला दिसत नसे. चौपन्न वर्षांच्या संसारी माणसाला दिवसातून दोनदा थोडा वेळ तोंड लपवायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. फक्त ते हँडल होतं कुणा सडपातळ पोरासाठी केलेलं. ते धरलं की निरीक्षकांचे खांदे आत ओढले जात, कोपरं बाहेर फेकली जात आणि एकूण आकृती कपाटात अडकलेल्या माणसासारखी दिसे.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "मग हँडल तरी बदला. खांद्यांइतकं रुंद घ्या. खांदे किती आहेत तुमचे?"

"दोन," निरीक्षक म्हणाले. ते अजून अंगठ्याच्याच विचारात होते.

घरी येऊन त्यांनी बायकोला शिवणाच्या पेटीतली टेप काढायला सांगितली.

"ताठ उभे राहा ना," बायको मागून म्हणाली.

"उभाच आहे."

"हे ताठ?"

टेप या हाडापासून त्या हाडापर्यंत गेली आणि बायकोने निकाल दिला, "एक्केचाळीस. लग्नात जास्त होते."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण जिना एकच असलेल्या इमारतीत कोणतीही गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहायचे. त्यांनी आयुष्यभर धरणांची कामं केली होती आणि आता त्यांच्या हाताशी एकही धरण नव्हतं. बायको गच्चीवर कपडे वाळत घालताना सहज बोलली आणि दहाव्या मिनिटाला इंजिनियर पोलादी टेप घेऊन दारात उभे राहिले.

"कापडी टेपेने माप घेतात का कधी? ताणते ती. वळा. श्वास धरा. सोडू नका." बराच वेळ काही झालं नाही. निरीक्षकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा आवाज आला, "चव्वेचाळीस! पण मी म्हणतो, हे शिंगांचं हँडल पाहिजेच कशाला? सरळ दांडी लावा. सरळ दांडीचं गणित सोपं असतं."

"मला शिंगंच हवीत," निरीक्षक म्हणाले. कारण सांगितलं नाही. तोंड लपवायचंय हे कारण शेजाऱ्याच्या तोंडावर सांगता येत नाही.

एक्केचाळीस आणि चव्वेचाळीस यांच्या मध्ये कुठेतरी सत्य असणार म्हणून ते कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. शिंप्याने सवयीने गळ्यातली टेप टाकली आणि म्हणाला, "सेहेचाळीस."

"सेहेचाळीस कसे?"

"आम्ही ढिलाई धरतो, साहेब. माणूस काय एका जागी राहतो का? आणि खरं सांगू? हल्ली कापडच कमी येतं. पाच मीटर आणलं की बाहीला ओढाताण होते. तरी मी म्हणतो गिऱ्हाइकाला, बाबा रे, मीटरच आखूड झालाय."

निरीक्षकांचा चेहरा उतरला. गावातल्या प्रत्येक कापडवाल्याच्या मीटरवर त्यांचा शिक्का होता. "कात्री जरा जपून चालवा," ते कोरडेपणाने म्हणाले आणि पायऱ्या उतरले. एका वस्तूचं माप एकच असतं, हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं दुकानदारांना ऐकवलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या खांद्यांची संध्याकाळपर्यंत तीन मापं झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते अभिमानापोटी केलं, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. कचेरीच्या लोखंडी कपाटात, मखमलीच्या पेटीत, जिल्ह्याचा मानक मीटर ठेवलेला होता. पितळेचा दांडा, आरशासारखा चकचकीत, कारण शिपाई दर सोमवारी त्याला पॉलिश करायचा. बाकीची टेबलं तो कधी पुसत नसे, पण मीटरला तो देवासारखा जपे. जिल्ह्यातला प्रत्येक मीटर याच्याशी ताडून पाहिला जाई. तो कपाटातून काढायचा तर नोंदवहीत लिहावं लागे, आणि नोंदवहीवर एक बाई बसत. त्या कधी कोणाला नाही म्हणत नसत, फक्त विचारत.

"प्रयोजन?" बाईंनी विचारलं.

"पडताळणी."

"कशाची?"

निरीक्षकांना खोटं बोलता येत नसे. प्रयत्न केला की त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत. "खांद्यांची," ते म्हणाले.

बाईंनी 'खांद्यांची' असं लिहिलं. "कोणाच्या?"

"माझ्या."

बाईंनी तेही लिहिलं आणि टीपकागद दाबला. शिपायाने मखमली पेटी उघडली, मीटर दोन्ही हातांनी निरीक्षकांच्या पाठीवर आडवा धरला, आणि बोटाने जागा दाखवत वाचलं, "साडेबेचाळीस, साहेब. दंड बाहेर धरलेत तर त्रेचाळीस." निरीक्षकांना फार दिवसांनी बरं वाटलं. निदान कोणीतरी अधिकृतपणे बोललं होतं.

सायकलच्या दुकानात भिंतभर हँडलं टांगलेली होती. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "साडेबेचाळीस? कुठून कुठपर्यंत?"

"कुठून म्हणजे?"

"नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत की बाहेरून बाहेरपर्यंत? काही कंपन्या असं मोजतात, काही तसं. आणि वर ब्रेकपाशी मोजायचं की खाली टोकांपाशी? हे बघा, यावर चव्वेचाळीस लिहिलंय. वर चव्वेचाळीस आहे, खाली पन्नास. खालून फाकलेलं असतं. लांबच्या प्रवासाला फाकलेलंच आरामाचं."

"म्हणजे दोन हँडलांवर एकच आकडा असेल आणि दोन्ही वेगवेगळ्या रुंदीची असतील?"

"असतात ना."

"आणि वस्तूवर हे लिहिलेलं नसतं?"

"कुठलं हो. हाताला लागलं की कळतं."

निरीक्षकांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि वही बाहेर आली. ती वही गावातल्या सगळ्या दुकानदारांना लांबून ओळखू येत असे. दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, माणूस नीट पाहिला, आणि त्याचा रंग बदलला. "साहेब, तुम्ही तपासणीला आलात की हँडल घ्यायला?"

"हँडलच घ्यायला. पण हे जे आकड्यांचं…"

"सध्या माल नाही," दुकानदार भिंतीकडे पाठ करून म्हणाला. मागे एकोणतीस हँडलं लटकत होती.

पुढच्या शनिवारी खाजगी भेट असल्याचा पुरावा म्हणून निरीक्षकांना बायकोला बरोबर न्यावं लागलं. ती दुकानात शिरली, पाचसात हँडलं एकेक करून काढली, डोळे मिटून धरून पाहिली आणि परत टांगली. एक मात्र तिने धरूनच ठेवलं. रुंद, काळं, खाली फाकलेलं. तिचे खांदे खाली आले. "हे घ्या," ती म्हणाली. "हे धरलं की कुणाशी भांडावंसं वाटत नाही."

त्यावर सेहेचाळीस लिहिलेलं होतं. मध्यापासून की बाहेरून, हे निरीक्षकांनी विचारलं नाही. ते आता थकले होते.

हँडल बसवायला दुकानदाराने आठ दिवस मागितले. जुन्या ब्रेकच्या वायरी आखूड पडतील, नव्या मागवाव्या लागतील, म्हणाला. हे वरच्या इंजिनियरांच्या कानावर गेलं. "आठ दिवस? दोन नटांना?" त्यांनी पान्यांची पेटी खाली आणली. जिन्याच्या वळणावर सायकल उलटी उभी राहिली आणि तीन संध्याकाळी तिथेच राहिली. येणारे-जाणारे तिच्याशेजारून अंग चोरून जात आणि जाताना एकेक सल्ला टाकून जात. तळमजल्यावरच्या आजींनी तर सायकलीला त्रास होतोय असं म्हटलं. तिसऱ्या संध्याकाळी इंजिनियरांनी हात पुसले. "वायरी काही आखूड नाहीत. दुकानदारांना विकायचं असतं. मी ताणून बसवल्यात."

ताणून बसवल्या होत्या हे खरं. हँडल सरळ असलं की सायकल झकास पळायची. उजवीकडे वळली तरी पळायची. डावीकडे वळवलं की मागची वायर ओढली जाऊन सायकल आपली आपण ब्रेक लावायची आणि जागच्या जागी थबकायची, जणू काही विसरल्याचं तिला आठवलंय. इंजिनियरांना हे सांगायची निरीक्षकांना लाज वाटली. बिचाऱ्यांनी तीन संध्याकाळी घातल्या होत्या. दुकानदाराकडे गुपचूप मागवलेल्या नव्या वायरी येईपर्यंतचे चार दिवस त्यांनी कचेरीला बस धरली आणि संध्याकाळी घराजवळ सायकल फिरवताना फक्त उजवी वळणं घेतली. डावीकडे जायचं असलं की तीनदा उजवीकडे वळायचं. या हिशोबात शिंप्याचं दुकान वाटेत दोनदा लागे. पहिल्या दिवशी शिंप्याने हात हलवला. तिसऱ्या दिवशी तो बाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, काही शोधताय का?"

पाचव्या दिवशी वायरी आल्या, बसल्या, आणि निरीक्षक नव्या हँडलवर पहिल्यांदा मोकळेपणाने निघाले. खांदे उघडे होते, कोपरं सैल होती, छातीत हवा जात होती. कालवा संपेपर्यंत त्यांना वाटत होतं की आता सगळं मार्गी लागलं. मग कचेरीचं फाटक आलं.

मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून फाटकात दोन लोखंडी खांब पुरलेले होते. जुन्या हँडलनिशी सायकल त्यांतून वाऱ्यासारखी जात असे. त्या दिवशी शिक्क्यांचा दिवस होता; आत अंगणात व्यापाऱ्यांची रांग लागलेली, काटे आणि मापं कडेवर घेऊन. निरीक्षक नेहमीच्या डौलात आले आणि हँडलची दोन्ही टोकं दोन खांबांत पाचरीसारखी बसली. सायकल थांबली. निरीक्षक थोडे पुढे गेले आणि मग थांबले. मागे हटवावी तर ब्रेकचा दांडा खांबाच्या कडीत अडकलेला, पुढे ढकलावी तर शिंगं आणखी रुतत. मागून मोठ्या साहेबांची गाडी नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर येऊन उभी राहिली आणि हळूच एकदा हॉर्न वाजला.

रांगेतले व्यापारी मदतीला धावले, म्हणजे सल्ले द्यायला लागले. एकाने टायरातली हवा काढायला सांगितली. एकाने खांबांना तेल लावायला सांगितलं. धान्याचा व्यापारी सर्वांत पुढे होता. त्याने खांबांमधलं अंतर पाहिलं, हँडल पाहिलं, आणि अत्यंत आदराने विचारलं, "साहेब, मोजून नव्हतं घेतलं का?"

काही प्रश्न असे असतात की त्यांच्यासमोर माणसाने नुसतं उभं राहावं. शेवटी शिपाई धावत आला, त्याने पुढचं चाक उचललं, सायकल कुशीवर कलती केली आणि खाट दारातून काढावी तशी अलगद आत घेतली.

टेबलावर एक लखोटा वाट पाहत होता. पाठवणारे मोठे साहेब दोनच खोल्या सोडून बसत, आणि अकराचा चहा दोघं एकत्रच घेत. पण पत्र आवक-जावक होऊन, तीन दिवसांचा प्रवास करून आलं होतं. 'आपण शासकीय मानक मीटर खाजगी अवयवाच्या मोजमापासाठी वापरल्याचे नोंदवहीवरून दिसून येते. तरी आपणांविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

मूळ मसुद्यात 'खाजगी कारणासाठी आपल्या अवयवाच्या' असं होतं आणि टंकलेखनात मधले शब्द गळाले, हे नंतर उघड झालं. तोवर पत्र तीन टेबलांवरून गेलं होतं. नोंदवहीच्या बाई दोन दिवस निरीक्षकांशी खिडकीकडे बघत बोलल्या. निरीक्षकांनी खुलासा लिहिला: 'सदर अवयव खांदे असून, ते मी दररोज कार्यालयात उघडपणे घेऊन येतो.' हे वाक्य त्यांनी चारदा खोडलं आणि चारदा पुन्हा लिहिलं, कारण त्याहून खरं वाक्य त्यांना सुचेना.

"अहो, मला कळतंय हो," मोठे साहेब चहा पिताना म्हणाले. "पण नोंद झाली ना. मानक मापाला माणसाचं अंग लागलं. नियमाप्रमाणे ते आता मुख्य प्रयोगशाळेत तपासायला गेलं पाहिजे. जाईल, येईल. औपचारिकता."

मीटर मखमली पेटीत बसून गेला आणि महिन्याने परत आला. सोबत एक कागद होता. मोठ्या साहेबांनी निरीक्षकांना बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि कागद पुढे सरकवला. मीटर तीन मिलिमीटर आखूड होता. दोन्ही टोकं झिजली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'अतिरिक्त घासणी.'

निरीक्षक कागदाकडे बघत राहिले. अकरा वर्षं दर सोमवारी पॉलिश. अकरा वर्षं जिल्ह्यातला प्रत्येक मीटर या दांड्याशी ताडून पाहिलेला. आणि त्यांना एकदम आठवलं की हल्ली दुकानदारांचे मीटर त्यांना जरा लांबच भरत असत, आणि लांब भरतात म्हणून त्यांनी स्वतः समोर उभं राहून ते कानशीने घासून घेतले होते. शिंपी बरोबर होता. गावातल्या बाह्या खरोखरच अपुऱ्या पडत होत्या आणि त्याला कारण ते स्वतःच होते.

"कोणाला तरी जबाबदार धरावं लागेल," मोठे साहेब हळू आवाजात म्हणाले. "शिपायाचं नाव घातलं तर लवकर मिटेल. घासत तोच होता."

दाराच्या काचेतून शिपाई दिसत होता. तो स्टुलावर बसला होता आणि त्याच्या हातात पॉलिशचं फडकं होतं. बातमी त्याला कळली होती. तो रडत नव्हता, पण ते फडकं तो घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता.

"त्याचं नाव नको," निरीक्षक म्हणाले. "चकचकीत ठेव असं मीच सांगितलं होतं त्याला. एकदा पाहुणे येणार होते म्हणून सांगितलं, मग थांब म्हणायचं राहून गेलं."

ते खरंच राहून गेलं होतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या जराही लाल झाल्या नाहीत.

मोठ्या साहेबांनी बराच वेळ चहाचा पेला फिरवला. वार्षिक दाखल्यांवर त्यांचीही अकरा वेळा सही होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "मग असं करू. जिल्ह्यातला प्रत्येक मीटर पुन्हा तपासायचा. तुम्हीच. वाहन मात्र मिळणार नाही."

"माझं आहे," निरीक्षक म्हणाले.

आणि ते फिरायला लागले. नवा मानक मीटर लांबट पेटीत होता आणि ती पेटी कॅरिअरवर कशीही बसेना. आडवी ठेवली तर रस्त्यातल्या माणसांना लागे, उभी ठेवली तर पाठीला. शेवटी शिपायाने ती हँडलवर आडवी टाकली, शिंगांच्या आतून दोन पट्टे घेतले आणि घट्ट बांधली. सायकल समोरून एखाद्या मिरवणुकीसारखी दिसायला लागली. निरीक्षक दुकानात शिरत, आपला जुना शिक्का स्वतःच रद्द करत आणि म्हणत, "चूक आमची होती." हे वाक्य पहिल्या दुकानात त्यांनी मीटरकडे बघत पुटपुटलं. विसाव्या दुकानात ते नुसतं थकलेलं वाक्य झालं. चाळिसाव्या दुकानात त्यांना ते म्हणायला आवडायला लागलं, कारण ते ऐकून समोरच्या माणसाचा सगळा तोरा गळून पडे आणि तो स्टूल पुढे करी. खाजगी अवयवाची गोष्ट अर्थात त्यांच्या आधी सगळीकडे पोचलेली होती. प्रत्येक दुकानात कोणीतरी चहा ओतताना विचारायचंच, "मग साहेब, शेवटी भरले किती?"

"साडेबेचाळीस. पण तो आखूड मीटर होता," निरीक्षक म्हणत. "खरे किती, अजून कळलेलं नाही."

शिंप्याकडे ते मुद्दाम स्वतः गेले आणि जे म्हणायचं ते म्हणाले. शिंपी हसला नाही. त्याने मशीन थांबवलं, कापडाचा ढीग बाजूला सारून बसायला जागा केली आणि म्हणाला, "मी बायकोला म्हणत होतो, माझाच हात चुकतोय बहुतेक. वय झालं. मशीन विकावं असं डोक्यात होतं." मग दोघं रस्त्याकडे बघत बसले. रस्त्यावरून वाहनं जात होती.

काम संपायला सगळा हिवाळा गेला. त्यातल्याच एका दुपारी निरीक्षक कालव्यापलीकडच्या वस्तीतली सात दुकानं करून परत निघाले. वारा समोरून होता, गार आणि चिवट. गुडघे बोलत होते, पाठ बोलत होती, खिशातल्या वहीत अजून अडतीस दुकानं बाकी होती. त्यांनी हँडल खालून धरलं होतं आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की डावा हात दुखतोय. त्यांनी सायकल काठाला उभी केली, हातमोजा काढला आणि हात डोळ्यांसमोर धरला. अंगठा गारठला होता, मधली बोटं गारठली होती, आणि इतके महिने झोपलेली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर सणसणत होतं, आत कोणी सुई फिरवावी तसं.

त्यांनी घरी फोन लावला.

"काय झालं? पडलात का?" बायकोने पहिलाच प्रश्न विचारला.

"नाही गं. करंगळी दुखतेय."

"कुठली?"

"डावी. शेजारचं बोटही. चांगलं सणसणीत दुखतंय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "दुखतंय? खरंच? अगं बाई, बरं झालं!" आणि हसायलाच लागली. नवऱ्याच्या दुखण्यावर ती इतकी मनापासून खूश झाल्याचं निरीक्षकांनी आजवर पाहिलं नव्हतं. ते काठावर उभे राहून फोन कानाला लावून ते हसणं ऐकत होते आणि बोटं उघडत होते, मिटत होते, उघडत होते. वारा जोरात होता. डोळ्यांत पाणी येत होतं.

"आता घरी या लवकर," बायको म्हणाली.

"येतो," ते म्हणाले. "दोन दुकानं वाटेत आहेत, तेवढी करून येतो."